मार खाण्यासाठी काढलेलं चित्र

पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पिनबॉल यंत्राची काच काढून फळीवर तिरका उजेड टाकला, की ते यंत्र कसं खेळलं गेलं हे स्वच्छ वाचता येतं. गोळीला झटका देणाऱ्या बंपरांच्या भोवतीचा रंग झिजून लाकूड उघडं पडलेलं असतं. दिव्यांच्या गोल खिडक्यांच्या कडेला घाणीची काळी रेघ चढलेली असते. गोळी वर मारणाऱ्या फ्लिपरच्या टोकासमोर रंग फिका पडलेला असतो. गोळी ज्या खड्ड्यात अडकून पुन्हा बाहेर उडते, त्याच्या ओठावर लाकडाचे तंतू सुटलेले असतात. आणि जिथे गोळी कधी पोचतच नाही अशा कोपऱ्यांत रंग जसाच्या तसा टिकलेला असतो.

या फळीला प्लेफिल्ड म्हणतात. साधारण ५१ सेंटीमीटर रुंद, १०७ सेंटीमीटर लांब आणि १३ मिलिमीटरच्या आसपास जाड असं हे प्लायवूड असतं. त्यावर चित्र छापलेलं असतं आणि त्या चित्रावरूनच २७ मिलिमीटर व्यासाची, ८० ग्रॅम वजनाची पोलादी गोळी धावते. म्हणजे हे चित्र बघायचंही असतं आणि तुडवायचंही. झिजलेली फळी दुरुस्त करणाऱ्याची सगळी कसोटी इथेच आहे. डोळ्याला जुनं चित्र परत मिळालं पाहिजे आणि गोळीला सपाट, न अडखळणारी वाट मिळाली पाहिजे. एका गोष्टीसाठी दुसरीचा बळी दिला, तर काम फसलं.

शिकागोचे रंग

पिनबॉलचा पूर्वज म्हणजे बॅगाटेल. आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत खिळे ठोकलेल्या पाटावर छर्रे सोडून मुलं जो खेळ खेळायची, तो याच घराण्यातला. सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्हने १८७१ साली बॅगाटेलमधल्या सुधारणांचं पेटंट घेतलं आणि गोळी ढकलणारा स्प्रिंगचा दट्ट्या रुळला. १९३१ साली डेव्हिड गॉटलीबच्या कंपनीचं ‘बॅफल बॉल’ बाजारात आलं आणि महामंदीच्या दिवसांत ही स्वस्त करमणूक अमेरिकेतल्या दुकानादुकानांत पोचली. तरीही एकदा गोळी सुटली, की यंत्राला हलके धक्के देण्यापलीकडे खेळणाऱ्याच्या हातात फारसं काही नव्हतं. १९४७ साली गॉटलीबच्याच ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात हॅरी मॅब्सने सहा फ्लिपर बसवले आणि खाली येणारी गोळी पुन्हा वर मारता येऊ लागली. खेळात कसब आलं. गोळी फळीवर जास्त वेळ राहू लागली आणि त्याबरोबर रंगावरचा मारही वाढला.

गॉटलीब, बॅली, विल्यम्स या मोठ्या कंपन्या शिकागोच्या, आणि त्यांच्यासाठी चित्रं काढणारेही बहुतेक तिथलेच. गॉटलीबच्या यंत्रांवर १९४०च्या दशकापासून १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत रॉय पार्करचा हात दिसतो. हसऱ्या, गोबऱ्या चेहऱ्यांची माणसं, पत्ते, सर्कस, घोडेस्वार, आणि चित्राच्या कोपऱ्यात कुठेतरी लपवलेली एखादी गंमत. पुढे बॅलीसाठी डेव्ह ख्रिस्टेन्सनने भडक, अंगावर येणारी चित्रं काढली. त्याचं १९७२चं ‘फायरबॉल’ आजही संग्राहकांच्या ओठांवर असतं. त्या फळीच्या मध्यावर एक फिरती चकती आहे आणि तिच्यावर आलेली गोळी कुठे फेकली जाईल याचा नेम नसतो.

ही चित्रं फळीवर स्क्रीन प्रिंटिंगने उतरत, म्हणजे आपल्याकडे लग्नपत्रिका ज्या पद्धतीने छापल्या जात त्याच पद्धतीने. प्रत्येक रंगाची जाळी वेगळी. आधी सपाट रंग एकामागून एक बसत आणि त्यांना बांधून घेणारी काळी रेघ सहसा शेवटी येई. त्यावर लॅकरचा पातळ हात. आपले सुतार ज्याला एनसी लॅकर म्हणतात, त्याच जातीचा. गोळी आणि चित्र यांच्यात आड होता तो एवढाच.

एवढं संरक्षण तेव्हा पुरेसं वाटत होतं, कारण यंत्र पैसे कमावण्यासाठी होतं. बारमध्ये, उपाहारगृहात ते काही वर्षं नाणी खात असे. गिऱ्हाईक कंटाळलं की त्या जागी नवीन यंत्र येई. न्यूयॉर्क शहरात तर १९४२ साली पिनबॉलवर बंदी आली आणि महापौर ला ग्वार्डिया यांच्या कारकिर्दीत जप्त केलेली यंत्रं हातोड्यांनी फोडली गेली. ती बंदी उठायला १९७६ साल उजाडलं. रॉजर शार्प यांनी नगर परिषदेच्या सदस्यांसमोर, गोळी कुठून जाईल हे आधी सांगून ती तिथूनच सोडून दाखवली, तेव्हा हा नुसता नशिबाचा जुगार नाही हे मान्य झालं. वापरून टाकून द्यायच्या या वस्तूंपैकी ज्या वाचल्या, त्यांच्यावर त्या चित्रकारांचं मूळ काम अजून टिकून आहे. म्हणून त्यांच्यावर हात चालवताना विचार करायला हवा.

गोळी रंग कशी खाते

गुळगुळीत गोळी स्वच्छ फळीवरून नुसती घरंगळली, तर रंगाला फारसं काही होत नाही. घात करते ती घाण. फळीखालच्या विद्युतचुंबकांतले लोखंडी दट्टे सतत आपटून धातूची बारीक पूड सोडतात, रबरी कडी झिजून काळी भुकटी पडते, आणि जुन्या मेणात मिसळून या सगळ्याचा काळपट लेप होतो. गोळी तो अंगावर घेऊन फिरते. त्यातच गोळीला गंज चढला किंवा टोचे पडले, की तिची कानस होते.

बंपरजवळ हे सगळ्यात जास्त घडतं. बंपर गोळीला झटका देतो तेव्हा ती लगेच घरंगळत नाही, आधी थोडी घसटत जाते. पुन्हा पुन्हा तेच घसटणं झालं की आधी लॅकर जातं, मग रंग, मग लाकूड. लाकूड उघडं पडलं की काळा लेप थेट त्याच्या तंतूंत शिरतो, आणि मग वरवर कितीही पुसलं तरी डाग हटत नाही.

दुसरा शत्रू म्हणजे पातळीतला फरक. फळीत गोल किंवा बाणाच्या आकाराची भोकं पाडून त्यांत पारदर्शक प्लॅस्टिकच्या चकत्या बसवलेल्या असतात आणि त्यांच्याखाली दिवे. वर्षानुवर्षं लाकूड हवेतल्या दमटपणाने फुगतं, कोरडेपणाने आकसतं. जुना गोंद सुटतो, चकती किंचित खाली बसते किंवा वर येते. मग प्रत्येक वेळी गोळी त्या कडेवर टक्कर देते आणि चकतीभोवतीची छापलेली काळी रेघ सगळ्यात आधी उडते. लाकडाच्या याच हालचालीने काही फळ्यांवर तंतूंच्या दिशेने केसासारख्या लांब भेगा पडतात आणि त्यांत घाण भरते.

आधी पाहायचं, मग पुसायचं

कामाची सुरुवात कॅमेऱ्यापासून होते. प्रत्येक स्क्रू, प्रत्येक रबर, प्रत्येक प्लॅस्टिक कुठे होतं याचे फोटो घेतल्याशिवाय काहीही सोडवायचं नाही. मग वरचं सामान उतरवायचं. एखादी धातूची पट्टी उचलली की तिच्याखाली अरुंद पट्टा दिसतो, ज्याला ना गोळी लागली, ना प्रकाश, ना हातांचं तेल. मूळ पिवळा किती पिवळा होता, मूळ निळा कसा होता, याची साक्ष तिथे मिळते. जाणकार दुरुस्तीकार त्या पट्ट्याचा फोटो रंगमापकाच्या पट्टीसकट घेऊन ठेवतो.

पुसताना पाणी शक्यतो दूर ठेवायचं. उघड्या लाकडाला पाणी लागलं की तंतू फुगून उभे राहतात आणि कडेचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. त्याऐवजी नाफ्था हा द्रावक वापरतात. तो जुनं मेण आणि चिकटा विरघळवतो, लाकूड फुगवत नाही. मात्र तो पटकन पेट घेतो, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात आणि आसपास ज्योत नको. पहिली चाचणी कान साफ करायच्या कापसाच्या काडीने, कोपऱ्यातल्या नजरेत न येणाऱ्या जागी करायची. काडीवर काळं आलं तर ती घाण. लाल किंवा निळं आलं, तर तिथेच थांबायचं.

खोल रुतलेली घाण काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मेलामाइनचा पांढरा स्पंज वापरतात. हा स्पंज हाताला मऊ लागतो, पण तो खरं तर फार बारीक वॉटर पेपरच आहे. घाणीबरोबर तो लॅकरचाही थर नेतो. उरलेल्या लॅकरवर पुढचं सगळं काम उभं राहायचं असतं, म्हणून इथे उत्साहापेक्षा संयम कामाला येतो.

काही यंत्रांवर बंपरांभोवती मायलारची पारदर्शक फिल्म चिकटवलेली असते. तिने खालचा रंग वाचवलेला असतो, पण कडेला घाणीचं कडं जमलेलं असतं. ती ओढून काढली तर रंगही सोबत येऊ शकतो. म्हणून धूळ उडवायच्या दाबयुक्त डब्याचं तोंड खाली करून अतिथंड फवारा मारतात. गोंद ठिसूळ होतो आणि फिल्म सुटत येते. मागे उरलेल्या चिकट गोंदावर मैदा भुरभुरून, वर अल्कोहोल टाकून बोटांनी चोळतात. मैदा गोंद धरतो आणि त्याच्या बारीक वळ्या होऊन निघतात. खालचा रंग आधीच सैल झालेला असेल, तर फिल्म तशीच राहू देणं शहाणपणाचं.

आधी सपाटी, मग रंग

नवख्याला रंगाची घाई असते. पण फळी सपाट झाल्याशिवाय केलेला रंग पुन्हा त्याच जागी उडणार. सैल चकत्या खालून हलकी उष्णता देऊन सोडवतात, भोक आणि कडा साफ करतात आणि इपॉक्सीने पुन्हा बसवतात. वर सपाट ठोकळा ठेवून क्लॅम्पने दाबतात, म्हणजे चकती फळीच्या पातळीतच राहते. पोलादी पट्टी आडवी धरून खालून प्रकाशाची फट दिसते का ते पाहायचं. डोळ्यांपेक्षा नख अधिक खरं सांगतं. चकतीवरून नख फिरवलं आणि ते कुठेच अडकलं नाही, तर गोळीही अडकणार नाही.

खड्ड्यांच्या झिजलेल्या ओठांवर लाकडाची लांबी (पुट्टी) किंवा इपॉक्सी भरून ती घासून समतल करतात. मग सगळ्या फळीवर पारदर्शक लेपाचा एक पातळ हात. तो सुटणाऱ्या कडा धरून ठेवतो. शिवाय नवा रंग त्याच्यावर बसत असल्याने एखादा फटकारा चुकला तर तो मूळ रंगाला धक्का न लावता पुसून टाकता येतो. मूळ चित्र आणि आजचा हात यांच्यामध्ये हा थर असणं, ही या सगळ्या कामातली सगळ्यात सुज्ञ गोष्ट आहे.

आता रंग. जुन्या फळीवरचा पांढरा कधीच पांढरा नसतो. लॅकर पिवळटलेलं असतं, त्यामुळे पांढरा सायीसारखा दिसतो आणि निळा हिरवटाकडे झुकतो. ट्यूबमधला पांढरा तसाच लावला, तर तो तुकडा फळीवर ओरडतो. म्हणून पांढऱ्यात पिवळ्या गेरूचा ठिपका, काळसर तपकिरीचा त्याहून छोटा ठिपका, आणि मग पारदर्शक फिल्मवर नमुना काढून तो झिजलेल्या जागेशेजारी ठेवून पाहायचा. दिवसाच्या उजेडात एकदा, आणि यंत्राच्या दिव्याच्या पिवळ्या उजेडात एकदा. ॲक्रिलिक रंग वाळल्यावर थोडा गडद होतो, आणि वर लेप बसला की आणखी खोल दिसतो. तो शेवटी कसा दिसेल हे आधी कळावं म्हणून, वाळलेल्या नमुन्यावर नाफ्थाचा ओलसर बोळा फिरवतात. तो उडून जाईपर्यंतच्या काही क्षणांत रंगाचं अंतिम रूप दिसून जातं.

क्रम छपाईचाच ठेवायचा. सपाट रंग काळ्या रेघेच्या जागेखाली थोडे सरकवून घ्यायचे आणि काळी रेघ सगळ्यात शेवटी त्यांच्या सांध्यावर ओढायची. सांधा झाकला जातो आणि चित्र मूळ छपाईसारखं बसतं. ब्रशचे फटकारे दिसले तर लगेच कळतं, कारण छापलेला रंग सपाट असतो. म्हणून मोठ्या भागांसाठी चिकट फिल्मची कापीव मापं लावून एअरब्रश वापरतात. चकत्यांवरची अक्षरं आणि आकडे हाताने सरळ येणं अवघड. त्यासाठी फळी तुकड्यातुकड्यांनी स्कॅन करून, ती जोडून, संगणकावर रेषा नव्याने आखतात आणि पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ डिकलवर छापून घेतात.

काचेसारखं की जुन्यासारखं

शेवटचा लेप हा सगळ्यात वादाचा विषय आहे. आज बहुतेक जण गाड्यांना मारतात तसलं दोन घटकांचं पॉलियुरेथेन वापरतात, आपल्याकडे ज्याला पीयू म्हणतात ते. ते कणखर असतं, गोळीचा मार सोसतं. पण त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट श्वासात गेले तर दम्यासारखा कायमचा त्रास लागू शकतो. साधा मास्क पुरत नाही, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क आणि फवारणीची बंद खोली लागते. ही सोय नसेल तर हे काम गाड्या रंगवणाऱ्या चांगल्या गॅरेजकडे द्यावं. लेप वाळल्यावर बारीक वॉटर पेपरने घासून पॉलिश करायचा. मग काही आठवडे पूर्ण कडक होऊ द्यायचा. घाई करून स्क्रू आवळले, तर लेपात कायमचे वळ उठतात.

लेप जाड झाला की फळी काचेसारखी चमकते. फोटोत ती देखणी दिसते. पण जुन्या यंत्राची फळी साधारण साडेतीन अंशांनी उतरती असते आणि त्या काळचं लॅकर मऊ झळाळीचं होतं. तिथे गोळीला आपली एक चाल होती. जाड, कडक लेपावर ती भलतीच वेगाने निसटते आणि त्या यंत्राच्या रचनेत आखलेला खेळ बदलतो. फळीचं चित्र वाचवताना तिचा खेळ हरवू नये, म्हणून पातळ लेप पुरेसा असेल तिथे जाड लेपाचा मोह आवरला पाहिजे.

किती नवं करायचं, हा प्रश्न चित्रकलेच्या जगात फार आधी विचारला गेला. रोममध्ये १९३९ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संवर्धन संस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांडी यांनी एक शिस्त घालून दिली. गेलेला भाग बारीक उभ्या रेघांनी भरायचा. लांबून चित्र पूर्ण दिसतं, जवळून पाहिलं की नवं काम ओळखू येतं. पिनबॉलच्या फळीवर अशा रेघा कोणी काढत नाही, पण त्यामागचा प्रामाणिकपणा इथेही लागू होतो. माझं मत स्पष्ट आहे. जिथे लाकूड उघडं पडलंय तिथेच नवा रंग लावावा. जिथे मूळ रंग फिका पण शाबूत आहे, तिथे तो तसाच ठेवावा. प्रत्येक टप्प्याचे फोटो यंत्राबरोबर द्यावेत, म्हणजे पुढच्या मालकाला रॉय पार्करचं काय आणि आजचं काय हे कळेल. चित्राचा मोठा भागच नाहीसा झाला असेल तर नवी छापलेली फळी बसवावी आणि जुनी फेकून न देता जपून ठेवावी. पुढच्या दुरुस्तीकाराला मूळ रंग आणि मापं तिच्यावरूनच मिळतील.

आणि मग यंत्र खेळायला द्यावं. फळी गोळीच्या पायाखाली जायलाच बनली होती. दुरुस्त केलेली फळी काचेखाली अस्पर्श ठेवली, तर चित्र वाचलं पण यंत्र मेलं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या स्ट्राँग खेळ संग्रहालयासारख्या ठिकाणी अशी यंत्रं अभ्यासाच्या वस्तू म्हणून जपली जातात, आणि तिथेही पाहणाऱ्यांना काही यंत्रांवर हात चालवता येतो. हेच योग्य आहे.

खेळताना फळी टिकवायची युक्ती स्वस्त आहे. टोचे पडलेली गोळी लगेच बदलावी. नवी गोळी हा कमी खर्चाचा सुटा भाग आहे. फळी वेळोवेळी कोरड्या कापडाने पुसून वर कार्नोबा मेणाचा पातळ हात द्यावा. जुन्या ४४ नंबरच्या दिव्यांऐवजी कमी वीज खाणारे ४७ नंबरचे दिवे लावावेत, म्हणजे चकत्या कमी तापतात. यंत्र उन्हाच्या तिरिपेपासून आणि ओलीपासून दूर ठेवावं. एवढं केलं की पुन्हा ब्रश हातात घ्यायची वेळ येण्याआधी त्या फळीवर मनसोक्त खेळून होतं.